स्नायू वाढवायचे तर जास्त खायलाच हवं का?

वजनं उचलायला सुरुवात केलेल्या माणसाला पहिला सल्ला बहुतेक वेळा हाच मिळतो: आधी भरपूर खा, वजन वाढव, चरबी नंतर उतरवता येईल. जिमच्या भाषेत आधी बल्किंग, मग कटिंग. सडपातळ माणसाला हे बऱ्यापैकी लागू पडतं. पण पोट सुटलेल्या, व्यायामाला नव्याने लागलेल्या माणसालाही तेच सांगितलं जातं, आणि तो बिचारा आधीच नको असलेल्या चरबीत महिनोन्महिने भर घालत राहतो. हे मला मनापासून खटकतं, कारण त्याची गरजच नसते.

स्नायू घडायला कच्चा माल लागतो आणि ऊर्जा लागते. कच्चा माल म्हणजे प्रोटीनमधून मिळणारी अमिनो आम्लं. चरबीसारखं त्यांचं वेगळं कोठार शरीरात नाही; ती रोजच्या रोज आहारातूनच यावी लागतात. ऊर्जेचं तसं नाही. ८० किलोच्या माणसाच्या अंगात २० टक्के चरबी असेल, तर ती झाली १६ किलो. म्हणजे लाखाहून जास्त कॅलरी त्याच्याजवळ आधीच शिल्लक आहेत.

आता खर्च पाहू. स्नायूत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं, प्रोटीन जेमतेम पाचवा हिस्सा. महिन्याभरात एक किलो स्नायू वाढला असं धरलं, आणि हा वेग साधला तर नवख्यालाच साधतो, तरी नव्याने साठलेलं प्रोटीन भरतं २०० ग्रॅम. दिवसाला सात ग्रॅमही नाही. त्यात बांधणीची मजुरी आणि जुनं प्रोटीन मोडून नवं घालण्याची अखंड चाललेली उलाढाल मिळवली, तरी रोज हजार कॅलरी जास्त खाण्याचं कारण या हिशोबातून निघत नाही.

तरीही कमी खाण्याचा परिणाम होतो, तो वेगळ्या वाटेने. पेशीत ऊर्जा कमी पडू लागली की एएमपीके नावाचं विकर सक्रिय होतं आणि प्रोटीनबांधणीला चालना देणाऱ्या एमटॉर यंत्रणेला आवर घालतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वजनं उचलण्याचा सराव असलेल्या तरुण स्त्री-पुरुषांना ५ दिवस कमी कॅलरी दिल्या, तेव्हा विश्रांतीच्या वेळची स्नायूंमधली प्रोटीनबांधणी २७ टक्क्यांनी घसरली. मात्र व्यायाम करताच ती मूळ पातळीवर आली, आणि व्यायामानंतर प्रोटीन घेतल्यावर त्याही वर गेली. टंचाईचा ब्रेक खरा आहे, पण वजनं आणि प्रोटीन मिळून तो बराचसा सैल करतात.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने ही गोष्ट पार टोकाला नेऊन तपासली. वजन जास्त असलेल्या ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा तब्बल ४० टक्के कमी कॅलरी दिल्या आणि आठवड्यातून सहा दिवस घाम गाळायला लावला. एका गटाला शरीराच्या दर किलोमागे रोज १.२ ग्रॅम प्रोटीन, दुसऱ्याला २.४ ग्रॅम. पहिल्या गटाचं चरबी सोडून उरलेलं वजन जवळजवळ तेवढंच राहिलं. दुसऱ्याचं १.२ किलोने वाढलं, आणि त्याच महिन्यात चरबी ४.८ किलोने उतरली! ही सगळी वाढ निव्वळ स्नायूंचीच होती असं म्हणता येत नाही, त्या वजनात पाणीही मोजलं जातं. पण दोन्ही गट सारखंच उपाशी होते आणि फरक प्रोटीनने पडला, हे महत्त्वाचं.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. अमेरिकेत आठ आठवडे मुद्दाम जास्त खायला घातलेल्या लोकांपैकी ज्यांच्या कॅलरींमध्ये प्रोटीनचा वाटा फक्त ५ टक्के होता, त्यांची चरबी इतरांइतकीच वाढली, पण चरबीविरहित वजन मात्र घटलं. व्यायाम त्यांना नव्हताच.

म्हणून अंगावर चरबीचा साठा असलेल्या नवख्याने, किंवा मोठ्या खंडानंतर परतलेल्याने, वरचं खाणं शोधत बसू नये. दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन आणि हळूहळू वाढत जाणारी वजनं, एवढं सांभाळावं. कॅलरी कमी करायच्याच असतील तर थोड्या कराव्यात: अनेक अभ्यास एकत्र तपासले असता, दिवसाला सुमारे ५०० कॅलरींची तूट पडली की चरबीविरहित वजनाची वाढ थांबते असं दिसलं. ताकद मात्र तेव्हाही वाढत राहते.

सडपातळ आणि वर्षानुवर्षं सराव केलेल्या माणसाची गोष्ट निराळी. त्याच्याजवळ साठा कमी, आणि वाढीला उरलेली जागाही कमी. त्याला थोडं वरचं खाणं खरंच उपयोगी पडतं. पण थोडंच. नॉर्वेच्या अव्वल खेळाडूंवरच्या अभ्यासात आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने रोज जास्त खाणाऱ्या गटाची चरबी १५ टक्क्यांनी वाढली, मनाप्रमाणे खाणाऱ्यांची ३ टक्क्यांनी. चरबीविरहित वजनातला फरक अर्ध्या किलोच्या आसपास होता, आणि तो योगायोगाचाही असू शकेल इतका लहान. अशा माणसाने रोज दोन-तीनशे कॅलरींपासून सुरुवात करावी, कमरेला दर पंधरवड्याला टेप लावावी, आणि उचलण्याचं वजन जागेवरच राहून कंबर वाढत असेल तर ते वरचं खाणं लगेच कमी करावं.