पास्तिस : आधी पाणी, मग बर्फ

दक्षिण फ्रान्समधील मार्सेय शहरात उन्हाळ्याच्या संध्याकाळी, जेवणापूर्वी, पास्तिस नावाचे मद्य घेण्याची रीत आहे. पेल्यात जेमतेम २० मिलिलिटर पास्तिस ओततात आणि सोबत गार पाण्याची सुरई व वेगळा बर्फ ठेवतात. मद्याच्या पाचपट पाणी घालताच तो पिवळसर, पारदर्शक द्रव पाहता पाहता दुधाळ होतो. बर्फ सर्वांत शेवटी टाकायचा, असा तेथील दंडक आहे. तो निव्वळ शिष्टाचार वाटतो; परंतु मला या पेयातील सर्वांत सुंदर रसायनशास्त्र नेमके त्या क्रमातच दिसते.

पास्तिसचा स्वाद मुख्यतः ॲनेथोल या सुगंधी पदार्थाचा असतो. तो चक्रीफुलातून मिळतो. जेवणानंतर आपण चघळतो त्या बडीशेपेचा गोडसर वासही बराचसा त्याचाच. जोडीला ज्येष्ठमध असते. ‘पास्तिस द मार्सेय’ म्हणवून घेण्यासाठी मद्यात किमान ४५ टक्के अल्कोहोल आणि लिटरमागे २ ग्रॅम ॲनेथोल असावे लागते. ॲनेथोल अल्कोहोलमध्ये सहज विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. पाचपट पाणी घातल्यावर अल्कोहोलचे प्रमाण साडेसात टक्क्यांवर येते. ॲनेथोलही तेवढेच विरळ होते, हे खरे. पण ते विरघळवून ठेवण्याची द्रवाची क्षमता त्याहून कितीतरी वेगाने घसरते. त्यामुळे सामावू न शकलेले ॲनेथोल एकाच वेळी पेलाभर सूक्ष्म थेंबांच्या रूपात बाहेर पडते. साधारण एक मायक्रोमीटरचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे) हे थेंब प्रकाशातील सर्व रंग विखुरतात, म्हणून द्रव पांढरा दिसतो.

दुधातील स्निग्धकण एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्याभोवती संरक्षक आवरण असते. येथे तसे काहीच नसते, पेला जोरात घुसळावाही लागत नाही, तरीही हे मिश्रण बराच काळ टिकते. २००३ मध्ये या घटनेला ग्रीक मद्यावरून ‘ऊझो परिणाम’ हे नाव मिळाले आणि त्याच वर्षी ग्रनोबल येथील लाउए-लांजव्हँ संस्थेतून पास्तिसच्या थेंबांचा न्यूट्रॉन-प्रकीर्णनाने, म्हणजे थेंबांवर सोडलेले न्यूट्रॉन कसे विखुरतात ते पाहून, केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. १९१५ मध्ये फ्रान्सने बंदी घातलेली ॲबसिंथ नावाची दारूही पाण्याने अशीच गढुळत असे. तिची उणीव भरून काढणाऱ्या पेयांपैकी मद्यउत्पादक पोल रिकार यांचे पास्तिस १९३२ मध्ये मार्सेयमध्ये आले.

आता बर्फाचा मुद्दा. शुद्ध ॲनेथोल सुमारे २१ अंश सेल्सिअसला गोठते. पाणी न घातलेल्या पास्तिसवर थेट बर्फ टाकला, तर ॲनेथोल थेंबांऐवजी स्फटिकांच्या रूपात बाहेर पडू शकते आणि पृष्ठभागावर पापुद्रे तरंगू लागतात. आधी पाणी घातले, तर ते असंख्य थेंबांत विभागलेले असते आणि इतक्या लहान थेंबांत स्फटिकाचे बीज धरणे अवघड जाते. याच कारणासाठी पास्तिसची बाटली शीतकपाटात ठेवू नये. चुकून ठेवलीच आणि तळाशी पांढरे कण दिसले, तर ती ओतून देण्याचे कारण नाही; खोलीच्या उबेत ठेवून हलक्या हाताने हलवल्यास ते पुन्हा विरघळतात.