‘जमतंय की!’ : रविवारच्या वर्गामागचं विज्ञान

नववीच्या वहीतलं एक उदाहरण घेऊ. क्षचा अर्धा भाग आणि क्षचा एक तृतीयांश भाग मिळून ५ होतात, तर क्ष किती? मुलगी समीकरण बरोबर मांडते. पुढच्या ओळीत मात्र अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून क्षचे दोन पंचमांश असं लिहिते. उत्तर येतं साडेबारा. पुस्तकाच्या शेवटी छापलंय ६. ती खोडरबर घेते, अख्खं उदाहरण खोडते आणि मनाशी ठरवून टाकते, की बीजगणित आपल्याला येत नाही.

पण बीजगणित तिला येतं. शब्दांचं समीकरण करणं हाच त्यातला अवघड भाग, आणि तो तिने केलाय. तिचं अडलंय ते अपूर्णांकांच्या बेरजेत, म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या धड्यात. शाळेच्या तासाला सरांपुढे साठ मुलं आणि डोक्यावर पोर्शन. तिथे ही गाठ सापडणं कठीण. रविवारी सकाळी जादा वर्गात शेजारी बसलेली, शिकवणारी ताई मात्र एवढंच विचारते, ‘अर्ध्यात अजून काही मिळवलं, तर उत्तर अर्ध्याहून मोठं येईल की लहान?’ मुलगी म्हणते, मोठं. ‘मग दोन पंचमांश अर्ध्याहून मोठे आहेत का?’ मुलगी थांबते. स्वतःच्या वहीकडे बघते. पाचातले दोन म्हणजे निम्म्यालाही कमी, हे तिचं तिलाच दिसतं.

सोलापुरातल्या नववी-दहावीच्या मुलांसाठीच्या शनिवार-रविवारच्या जादा वर्गांचं महत्त्व मला या अशा थांबण्यात दिसतं. आत्मविश्वास ही भाषणातून द्यायची वस्तू आहे असं आपल्याकडे फार गृहीत धरलं जातं. दहावीच्या मुलांपुढे पाहुणे येतात, ‘तुम्ही करू शकता’ म्हणतात, टाळ्या होतात. सोमवारी घटक चाचणीचा पेपर समोर आला की टाळ्यांचा काही उपयोग होत नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली या भरवशाचा एक सिद्धांत मांडला. विशिष्ट काम आपल्याला जमेल, हा विश्वास माणसात कशामुळे तयार होतो? त्यांनी चार उगम सांगितले. आपण स्वतः ते काम पूर्वी पार पाडलेलं असणं, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं, दुसऱ्यांनी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीराची अवस्था, म्हणजे धडधड, घाम, पोटातला गोळा. यांत सर्वांत बळकट पहिला. दुसऱ्याने दिलेला धीर पहिल्या अपयशाला विरून जातो. स्वतःच्या हाताने सोडवलेलं गणित सहजासहजी विरत नाही. आणि हा भरवसा विषयागणिक वेगळा असतो. मराठीच्या निबंधात बिनधास्त असणारी मुलगी भूमितीच्या सिद्धतेपुढे गप्प होते, त्यात विसंगती काही नाही.

म्हणून पहिली गरज असते ती जमण्याजोगं काम समोर येण्याची. इथेच मोठी अडचण आहे. ‘असर’ या शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात देशभरातल्या निवडक जिल्ह्यांतली १४ ते १८ वयाची मुलं तपासली होती, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं त्यांतल्या ४३.३ टक्क्यांनाच जमलं. दिल्लीत अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती आणि नववीची साडेचार. वर्ग पुढे जातो, मूल जिथे सुटलं तिथेच राहतं, अंतर वाढत जातं. सोलापूरकरांना हे मागाच्या भाषेत चटकन कळेल: ताण्यातला धागा तुटला, तर माग थांबवून तो तिथल्या तिथे जोडावा लागतो, तसंच विणत गेलं तर पुढच्या सगळ्या कापडावर रेघ उमटते.

दिल्लीच्या त्या प्रयोगात शाळा सुटल्यावर मुलांना केंद्रात बोलावून संगणकाच्या मदतीने ज्याच्या-त्याच्या पातळीवरचं गणित दिलं, जोडीला लहान गटात शिकवणी ठेवली. केंद्रात कुणाला प्रवेश मिळणार हे लॉटरीने ठरवलं होतं, त्यामुळे तुलना चोख झाली. साडेचार महिन्यांत गणितातली प्रगती ०.३७ प्रमाण विचलन इतकी जास्त भरली. म्हणजे वर्गात बरोबर मध्यावर असलेलं मूल शंभरात साधारण चौदा जणांना मागे टाकून पुढे सरकतं. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचा मुंबई आणि वडोदऱ्यातला अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. तो प्राथमिक वर्गांचा होता, पण तत्त्व तेच: वस्तीतल्याच, माध्यमिक शिक्षण झालेल्या तरुणींनी मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून मुळाक्षरांपासून, बेरजेपासून शिकवलं, आणि मुलं पुढे आली. तो अभ्यास करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

नववी-दहावीत आता काय होणार, हे वाक्य पालकांच्या तोंडून फार ऐकू येतं. शिकागोच्या सरकारी शाळांत चौदा-पंधरा वर्षांच्या, गणितात खूप मागे पडलेल्या मुलांना रोज एक तास, दोन मुलांमागे एक शिक्षक अशी शिकवणी दिली गेली. त्यांच्या गणितात चांगलीच सुधारणा झाली. या वयात उशीर झालेला नसतो.

मात्र शिकागोची शिकवणी रोजची होती, दिल्लीची केंद्रं आठवड्यातून सहा दिवस चालत. फक्त सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या वर्गाकडून तेवढ्याच उडीची अपेक्षा ठेवणं त्या वर्गावर आणि मुलांवर अन्याय आहे. १९८४ साली बेंजामिन ब्लूम यांनी एकास-एक शिकवणीने सामान्य विद्यार्थी वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो असा दावा केला होता आणि क्लासेसच्या जाहिरातींत तो अजून फिरतो. पुढच्या संशोधनात एवढा परिणाम पुन्हा दिसला नाही. २०२० मध्ये ९६ नियंत्रित प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा सरासरी परिणाम पुन्हा ०.३७ प्रमाण विचलनाच्या आसपासच आला. शिक्षणाच्या क्षेत्रात हाही मोठाच आकडा आहे.

मग आठवड्यातून एक-दोनदाच भेटणाऱ्या वर्गाची ताकद कशात? माझ्या मते मधल्या दिवसांत. मुलं सहा दिवसांत थोडं विसरतात, आणि हे थोडं विसरणंच उपयोगी पडतं.

हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की एका बैठकीत घोकण्यापेक्षा तीच मेहनत दिवसांत विभागली तर जास्त लक्षात राहतं. २००८ साली साडेतेराशे लोकांवर झालेल्या प्रयोगात असं दिसलं, की परीक्षा पाच आठवड्यांनी असेल तर दोन अभ्यासांमध्ये आठवडा-दीड आठवड्याचं अंतर हे लगेच दुसऱ्या दिवशीच्या उजळणीपेक्षा बरंच फायद्याचं. म्हणजे रविवार ते रविवार हे अंतर घटक चाचणीच्या दृष्टीने वाईट मुळीच नाही. अट एकच: पुढच्या रविवारी पहिली पंधरा मिनिटं मागच्या रविवारचं वही मिटून आठवायचं.

वही मिटून, हे महत्त्वाचं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग प्रत्येक दहावीच्या घरात माहीत असायला हवा. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि खरी बोच पुढे आहे: आपल्याला हे लक्षात राहील, असा विश्वास चार वेळा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

खोटा आत्मविश्वास असा तयार होतो. गाईडमधलं सोडवलेलं उदाहरण तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे येतंच असं मूल समजतं. पेपरात ते कोसळतं, आणि कोसळल्यावर ‘एवढा अभ्यास करूनही जमलं नाही, म्हणजे आपलं डोकंच नाही’ असा अर्थ लावला जातो. मला या अर्थाची सगळ्यात जास्त काळजी वाटते. मेहनत केलेल्या मुलाला तो लागतो.

गणितात आणखी एक साधी गोष्ट कामाला येते. एकाच प्रकारची वीस उदाहरणं ओळीने सोडवण्याऐवजी प्रकार मिसळून द्यायचे. अमेरिकेत सातवीच्या मुलांवर डग रोरर यांनी २०१५ मध्ये हे तपासलं. महिन्याने घेतलेल्या चाचणीत मिसळून सराव केलेल्यांना ७४ टक्के गुण होते, सलग सराव केलेल्यांना ४२. कारण उघड आहे. ‘सूत्र पद्धती’ असं शीर्षक वर दिसत असताना कुठली रीत वापरायची हे ठरवावंच लागत नाही, आणि बोर्डाच्या पेपरात शीर्षक नसतं. मिसळलेला सराव करताना मुलं जास्त चुकतात, कुरकुरतात. वर्ग घेणाऱ्याने त्या कुरकुरीला घाबरू नये.

सोलापूरच्या वर्गाला स्वतःच्या काही गोष्टी आहेत. पूर्व भागात, अशोक चौकापासून विडी घरकुलापर्यंत, अनेक घरांत आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, उर्दू, दखनी, आणि शाळेत मराठी. ‘एका दुकानदाराने शेकडा २० नफा घेऊन’ असं शाब्दिक उदाहरण वाचताना या मुलाला आधी वाक्य उलगडावं लागतं, मग गणित. ताबडतोबीची माहिती धरून ठेवणारी जी वर्किंग मेमरी असते, तिची जागा फार थोडी. एका वेळी चार-पाच गोष्टी मावतात. वाक्य उलगडण्यातच ती भरली तर गणिताला उरत नाही. तेच उदाहरण एकदा घरच्या भाषेत बोलू दिलं, की अनेकदा पुढचं ते मूल स्वतः करतं. तेलुगू येणारा एखादा कॉलेजचा दादा वर्गात असणं म्हणूनच मोलाचं.

भीतीसुद्धा हीच जागा खाते. मार्क अॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये दाखवलं, की गणिताची धास्ती असलेली माणसं हातच्याच्या बेरजा करताना जास्त अडखळतात, विशेषतः त्याच वेळी दुसरं काही लक्षात ठेवायचं असेल तेव्हा. भीतीचे विचार आणि हातचा एकाच जागेसाठी भांडतात. फळ्यापाशी उभं करून सगळ्यांसमोर चूक दाखवली, की पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात गणित उरतच नाही. या वयात मेंदू समवयस्कांच्या नजरेला विलक्षण संवेदनशील असतो. सहा-सात जणांच्या गटात, सतरंजीवर गोल बसून, सगळ्यांच्याच वह्या उघड्या आणि सगळ्यांच्याच चुका दिसत असतात, तिथे ही नजर सौम्य होते. शेजारचा मुलगाही तिथेच अडकला होता आणि आता त्याला येतंय, हे दिसणं म्हणजे बांडुरांचा दुसरा उगम.

शंभर मुलांची ‘वीकेंड बॅच’, माईक लावून शिकवणारे सर आणि छापील नोट्स यांतून हे घडण्याची शक्यता मला फार कमी दिसते. तिथे शाळेचाच तास पुन्हा होतो, फक्त फी भरून.

शिकवणाऱ्याने किती बोलावं, यावर मिशेलिन ची (Chi) या संशोधिकेचं २००१ चं काम लक्षवेधी आहे. आठवीच्या मुलांना रक्ताभिसरण शिकवताना काही शिक्षकांना सांगितलं गेलं, की समजावून सांगायचं नाही, फक्त विचारतं करायचं: ‘म्हणजे काय?’, ‘मग पुढे काय होईल?’ ही मुलं सविस्तर समजावून सांगितलेल्या मुलांइतकंच शिकली. गप्प राहणं नव्या शिकवणाऱ्याला फार जड जातं. मूल पेन्सिल धरून अडलंय, आपल्याला उत्तर माहीत आहे, आणि दहा-पंधरा सेकंद काही बोलायचं नाही. पण ते उत्तर आपण दिलं, तर यश आपल्या नावावर जमा होतं.

विषयातला पंडित या कामाला लागत नाही. इटलीत २०२० च्या टाळेबंदीत विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी स्वयंसेवक म्हणून गरीब घरांतल्या मुलांना आठवड्याला सुमारे ३ तास ऑनलाइन शिकवलं. मुलांचे गुण सुधारले, त्याबरोबर मनःस्वास्थ्य आणि पुढे शिकण्याची आकांक्षाही. सोलापुरात अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ आहे, अभियांत्रिकीची, शास्त्राची कॉलेजं आहेत, आणि रविवारी शाळांच्या खोल्या रिकाम्या असतात. त्या उघडून द्यायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

वर्ग सुरू करणाऱ्यांनी वेळेचा मात्र विचार करावा. किशोरवयात झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. रात्री लवकर झोप येत नाही, आणि गरज आठ ते दहा तासांची असते. शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा वाटा मोठा आहे. पहाटे साडेसहाची रविवारची बॅच त्या झोपेतूनच कापून घेतलेली असते. साडेनऊ-दहा ही वेळ बरी. आणि ज्या वस्तीत चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, तिथे पाण्याचा दिवस विचारून घ्यावा. त्या सकाळी मुली हमखास गैरहजर राहतात, आणि एक तास चुकलेली मुलगी पुढच्या वेळी यायला बिचकते. तिच्यासाठी शनिवारी संध्याकाळी अर्धा तास राखून ठेवला तरी पुरतं.