ऑनलाइन परीक्षणांतील वाचकाचा भावनिक प्रतिसाद

समकालीन कथा-कादंबऱ्यांवर वाचक आंतरजालावर जे अभिप्राय लिहितात, त्यांतून व्यक्त होणारा मनावरचा परिणाम म्हणजे भावनिक प्रतिसाद. छापील समीक्षेत समीक्षक सहसा स्वतःला बाजूला ठेवतो. ऑनलाइन अभिप्राय लिहिणारा स्वतःपासूनच सुरुवात करतो. विम्सॅट आणि बिअर्ड्‌स्ली या अमेरिकन अभ्यासकांनी १९४९ मध्ये कलाकृती आणि तिचा परिणाम यांची गल्लत करणे हा समीक्षेतला दोष ठरवला. वाचनाच्या अमेरिकन अभ्यासक लुईस रोझेनब्लॅट यांनी मात्र १९३८ मध्येच वाचकाच्या अनुभवाला अभ्यासात मध्यवर्ती स्थान दिले होते.

वाचकाच्या भावना दोन ठिकाणी जडतात : कथेतल्या माणसांवर आणि लेखकाच्या कारागिरीवर. मराठीत हा भेद क्रियापदावरूनच कळतो. ‘मला रडू आलं’ असे लिहिणारा वाचक पात्रांच्या दुःखात असतो. रडू आपसूक आले, त्यामागे कोणाचा हात त्याला जाणवला नाही. ‘लेखिकेनं रडवलं’ म्हणताच श्रेय लेखणीकडे जाते. आणि ‘रडवायचा प्रयत्न केलाय’ ही तर तक्रार असते : हेतू दिसला, परिणाम झाला नाही. धातू एकच, निवाडे तीन. म्हणून केवळ शब्द मोजून अभिप्राय वाचता येत नाही. क्रियापदाचे रूप पाहावेच लागते.

‘पुस्तक खाली ठेववेना’ आणि ‘पुढे वाचवेना’ ही जोडीही अशीच फसवी आहे. पहिले वाक्य नेहमी गुंगून गेल्याचे सांगते. दुसरे कधी असह्य वेदनेचे असते, कधी निव्वळ कंटाळ्याचे. आधीच्या दोन-तीन वाक्यांवरूनच ते ठरवावे.

पुष्कळ अभिप्राय भावनेचे नावच घेत नाहीत, शरीर सांगतात : अंगावर काटा आला, घशात आवंढा अडकला, डोळे पाणावले, पोटात कालवाकालव झाली. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’तील आठ सात्त्विक भावांपैकी, म्हणजे मनातला भाव शरीरावर उमटवणाऱ्या खुणांपैकी, रोमांच, स्वरभंग आणि अश्रू इथे सरळ भेटतात. तिथे ते नटाच्या अभिनयाचा भाग आहेत. अभिप्रायात ते वाचकाच्या अंगावर उतरतात. करुण हा रस असल्यामुळे दुःख आस्वाद्य ठरते, ही जुनी समजही मराठी वाचकाच्या भाषेत टिकून आहे. ‘अस्वस्थ करणारी कादंबरी’, ‘दोन दिवस सुन्न होतो’ ही मराठीत मोठी दाद आहे.

संगणकाकडून भावना ओळखून घेताना चूक नेमकी इथेच होते. मराठी मजकुराची सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ अशी वर्गवारी करण्यासाठी पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधक गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० ट्वीटचा संच प्रसिद्ध केला. कामाचे साधन, पण ट्वीटमधला ‘सुन्न’ आणि परीक्षणातला ‘सुन्न’ एक नव्हे. शब्दसूचीवर चालणारी पद्धत सर्वांत भारावलेल्या वाचकालाच नाराज ठरवू शकते.

नाशिकच्या वाचकांच्या संदर्भात आणखी एक भावना लक्षात घ्यावी लागते : ओळखीची. रविवार कारंजा, पंचवटी, गोदाकाठ कथेत आले की वाचक सुखावतो, आणि तपासूही लागतो. गोदेचा पूर इथे काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. पाणी कमरेला की गळ्याशी, यावर शहराची काळजी ठरते. पुराच्या प्रसंगात तो मारुतीच नसेल तर प्रसंग परका वाटतो. निफाड-दिंडोरीत द्राक्षबागेची खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास आणि फळछाटणी ऑक्टोबरच्या आसपास होते, माल साधारण जानेवारीपासून निघतो. श्रावणात तिथली बाग घडांनी लगडलेली दाखवली, तर बागाईतदार वाचकाचा कथेवरचा विश्वास उडतो आणि पुढचे दुःखही त्याला खोटे वाटू लागते. उलट फेब्रुवारीतल्या गारपिटीचे एक पान त्याला हलवून जाते. बागलाणातल्या वाचकाला संवादातली अहिराणी अशीच भिडते. ती प्रमाणभाषेला नुसता मुलामा दिल्यासारखी असेल तर राग तितकाच तीव्र.

एका कादंबरीवरचे अभिप्राय अभ्यासायचे असल्यास साधारण १०० नोंदी पुरतात. आधी मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवलेल्या आणि एकच मजकूर अनेक ठिकाणी चिकटवलेल्या नोंदी गाळाव्यात. प्रकाशनानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतल्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. त्यांत स्नेह्यांचे ‘अप्रतिम’, ‘नक्की वाचा’ जास्त असते. रोमन लिपीत टंकलेली मराठी देवनागरीत आणावी, नाहीतर एकाच ‘रडू’ची चार रूपे मोजली जातात. मग वाक्यनिहाय खूण करावी : भावना कोणती, कोणाविषयी, क्रियापद कोणत्या रूपात. दोघांनी एकमेकांचे न पाहता नोंदवावे आणि दोघांच्या खुणा योगायोगापलीकडे किती जुळतात हे सांगणारा कोहेनचा कॅपा गुणांक काढावा, तो ०.६ च्या खाली गेला तर खुणा करणाऱ्यांना दोष न देता खुणांच्या व्याख्या सुधाराव्यात. रडणाऱ्या चेहऱ्याचे चिन्ह एकट्याने मोजू नये. ते हसण्यासाठीही वापरतात.

ताऱ्यांवर विसंबू नये. विक्रीस्थळांवर पाच तारे बरेच, एक तारा थोडे आणि मधले विरळ असा आकार वारंवार दिसतो. पुस्तक विकत घेणाऱ्याला ते आवडण्याची शक्यता आधीच जास्त, आणि ‘ठीक होती’ वाटणारा लिहायला बसतच नाही. शिवाय पाच ताऱ्यांखाली ‘पुन्हा वाचण्याची हिंमत नाही’ असे वाक्य असू शकते. अभ्यासाच्या दृष्टीने तेच मोलाचे.

नाशिकपुरती एक मोठी फट राहते. १८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयातून, म्हणजे ‘सावाना’तून, पुस्तक नेणारा वाचक खरेदीदार नसतो. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतल्या पेट्यांमधून वाचणाऱ्यांचेही तसेच. त्यांची दाद पुस्तक परत करताना, पेटीभोवतीच्या गप्पांत बोलून संपते. ती मिळवायची तर पुस्तकात एक कोरी चिठ्ठी ठेवावी आणि तिच्यावर एकच प्रश्न लिहावा : कोणत्या पानाशी थांबलात?