हर-२ तपासणी : तुकडा पाठवण्यापूर्वी आणि रिपोर्ट हातात आल्यावर

स्तनाच्या गाठीची बायोप्सी झाल्यावर डॉक्टर ‘ईआर, पीआर (म्हणजे संप्रेरकांच्या ग्राहकांच्या तपासण्या) आणि हर-२ करून घ्या’ अशी चिठ्ठी देतात. ती घेऊन आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी येणाऱ्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, की कर्करोग आहे हे कळलेच आहे, तर आता आणखी तपासणी कशाला. खिडकीवर उभ्याउभ्या याचे उत्तर नीट देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर देत आहोत.

हर-२ हे प्रत्येकाच्या शरीरात असणारे एक प्रथिन आहे. १७ व्या गुणसूत्रावरील एका जनुकापासून ते तयार होते, पेशीच्या आवरणात रोवलेले असते आणि आपल्याच कुळातील दुसऱ्या प्रथिनांशी जोडी जमवून पेशीला वाढण्याचा संदेश देते. निरोगी पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात. काही गाठींमध्ये मात्र प्रतींची संख्या बरीच वाढते, आवरणावर या प्रथिनाची दाटी होते आणि पेशी विनाकारण विभागत राहतात. स्तनाच्या कर्करोगात साधारण १५ ते २० टक्के गाठी अशा असतात.

अमेरिकेतील डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये स्तनाच्या १८९ गाठी तपासून दाखवले, की जनुकाच्या जादा प्रती असलेल्या रुग्णांमध्ये आजार लवकर उलटतो. त्या वेळी ही केवळ चिंतेची खूण होती. परंतु जे प्रथिन पेशीच्या बाहेर डोकावते, त्यावर औषध नेमके जाऊन बसू शकते, या विचारातून ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड तयार झाले आणि सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. बंगळूरच्या बायोकॉनचे त्याच धर्तीचे औषध २०१४ मध्ये भारतीय बाजारात आले. म्हणून हर-२ पॉझिटिव्ह हे शब्द वाचून खचू नये, असे आम्ही आवर्जून सांगतो, कारण अशा गाठीवर नेमके काम करणारी औषधे आज हाताशी आहेत. हर-२ निगेटिव्ह गाठीवर मात्र ट्रास्टुझुमॅबचा उपयोग होत नाही. खर्च तेवढा होतो आणि हृदयाला त्रास होण्याची शक्यता पदरी येते. या औषधापूर्वी आणि ते चालू असताना ठरावीक काळाने टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगतात, ते याच कारणाने.

हर-२ ची पहिली तपासणी आयएचसी (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री). तुकड्याचा अतिशय पातळ काप काचेवर घेऊन त्यावर असा रंग चढवला जातो, की जेथे हर-२ असेल तेथे आवरण तपकिरी दिसते. ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, तर १० टक्क्यांहून अधिक कर्कपेशींभोवती गडद आणि सलग कडे दिसले तर ३+, म्हणजे पॉझिटिव्ह. मधल्या २+ बद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. २+ म्हणजे ‘थोडासा पॉझिटिव्ह’ नव्हे, तर रंगावरून निर्णय करता येत नाही, असा त्याचा अर्थ आहे. अशा वेळी फिश ही तपासणी करून जनुकाच्या प्रती प्रत्यक्ष मोजाव्या लागतात. ती बहुतेक वेळा त्याच ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवलेल्या त्याच तुकड्यावर, होते, त्यामुळे रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागत नाही. २+ चा रिपोर्ट घेऊन फिश न करता थांबू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

१+ आलेल्या किंवा २+ येऊन फिश निगेटिव्ह ठरलेल्या गाठींना आता ‘हर-२ लो’ म्हणतात. आजार इतरत्र पसरलेल्या अशा काही रुग्णांसाठी ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन या औषधाला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यामुळे रिपोर्टवर नुसते ‘निगेटिव्ह’ न लिहिता आम्ही आकडाही लिहितो. जुन्या रिपोर्टवर तो नसेल, तर डॉक्टरांना विचारून ब्लॉक पुन्हा तपासून घेता येतो.

रिपोर्ट किती खरा हे तुकडा कसा हाताळला यावर ठरते आणि ती गोष्ट आमच्या हातात नसते. तुकडा काढल्यापासून एका तासाच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रवात) जायला हवा आणि त्यात किमान ६ व जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा. सलाईनच्या बाटलीत किंवा फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून आणलेले तुकडे आमच्याकडे आले आहेत. अशा तुकड्यावर निगेटिव्ह आले, तर ते गाठीचे आहे की हाताळणीचे, हे आम्हालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. संपूर्ण स्तन काढला असेल, तर डबा मोठा व फॉर्मेलिन भरपूर असावे, आणि गाठीला काप देऊनच ते घालावे, अन्यथा ते आतपर्यंत वेळेत पोहोचत नाही. डब्यावर नाव आणि तुकडा काढल्याची वेळ लिहून घ्यावी. हाडातील तुकडा असेल तर आधीच कळवावे, कारण हाड मऊ करण्यासाठी वापरलेल्या आम्लाने या तपासण्या बिघडू शकतात.

आजार उलटल्यास नव्या जागेच्या तुकड्यावर हर-२ पुन्हा करणे योग्य, कारण उत्तर बदलू शकते.

ब्लॉक मेणाचा असतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. परळच्या टाटा रुग्णालयात किंवा दुसऱ्या डॉक्टरांच्या मतासाठी तो न्यायचा असेल, तर एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत सोडून जाऊ नये. आमच्याकडून ब्लॉक घेताना त्यावरील क्रमांक रिपोर्टवरील क्रमांकाशी जुळतो का, हे आमच्यासमोरच पाहून मग सही करावी.