फरशी शाबूत, सांधे खलास

हॉटेलच्या भटारखान्यात फरशी सहसा फुटत नाही, खचतात ते तिचे सांधे. व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते, पण सांध्यात भरलेलं सिमेंटचं ग्राउट सच्छिद्र असतं आणि त्यात चुना असतो. चिंच, दही, व्हिनेगर यांतली आम्लं हा चुना विरघळवतात. सांडलेलं तेल ओलाव्यात राहिलं की त्यातून मेदाम्लं सुटतात आणि चुन्याबरोबर त्यांचा साबण होतो. म्हणून तळणीच्या कढईसमोरचं ग्राउट खरवडलं, तर मऊ लगदा निघतो. मिठाईच्या कारखान्यात साखरेचा पाकही चुन्याला सोडत नाही. पण सगळ्यांत जास्त नासधूस करतं ते धुलाईचं ‘ॲसिड’, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. डाग जातो, मालक खूश होतो आणि सांधा दर खेपेला थोडा खाली जातो. कोटा फरशी तर मुळातच चुनखडक. तिच्यावर ॲसिड ओतल्यावर जो फेस येतो, तो मळाचा नव्हे, दगडाचा असतो.

तपासणी कोरड्या फरशीवर करावी. हातोडीच्या लाकडी दांड्याने एकेक टाइल ठोकत जायचं. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ वाजली तर ती टाइल उचलूनच पुन्हा बसवावी लागते, तिथे नुसते सांधे भरणं म्हणजे पैसे पाण्यात. सांध्यावर पाण्याचा थेंब टाका. पाच मिनिटांत मुरून गडद डाग उरला, तर ग्राउट पाणी पितंय. मग बादलीभर पाणी ओतून ते कुठे साचतं ते पाहा. नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून निचरतं त्या जाळीकडे, मीटरमागे 10 ते 15 मि.मी. उतार हवा. ट्रॅपची चौकट, मोरीचा कठडा आणि शेगडीची पुढची बाजू इथेच बहुतेक बिघाड सापडतात.

सांधे नव्याने भरायचे ते इपॉक्सी ग्राउटने, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग कालवल्यावर कडक होणाऱ्या मालाने. पण भरण्याआधीची तयारी हेच खरं काम. अल्कली डिग्रीजर (तेलकटपणा काढणारं द्रावण) 10-15 मिनिटं ठेवून नायलॉनच्या ब्रशने घासा आणि मळकं पाणी व्हॅक्यूमने ओढून घ्या. झाडूने लोटलं तर तेच तेल पुढच्या सांध्यात बसतं. स्वच्छ फरशीवर पाणी सपाट पसरतं. थेंब गोळा झाले, तर पुन्हा घासा. जुनं ग्राउट टाइलच्या जाडीच्या किमान दोन तृतीयांश खोलीपर्यंत काढायचं, म्हणजे 10 मि.मी. टाइलला सुमारे 7 मि.मी. वरवर खरवडून भरलेला नवा थर पापुद्र्यासारखा सुटतो.

आता ओलावा. सांधे मोकळे केल्यावर 45 सें.मी. चौरस प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून 16 तास ठेवा. आतून घाम धरला, तर खालचा थर ओला आहे. त्यावर इपॉक्सी भरलं की वाफेच्या दाबाने पकड सुटते. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे हार्डनरचा काही भाग पृष्ठभागावर चिकट, पांढुरका थर धरतो, तो वेगळाच ताप. कोकणपट्टीत हे काम जून ते सप्टेंबर टाळलेलंच बरं.

300 मि.मी. चौरस टाइल, 5 मि.मी. रुंद आणि 7 मि.मी. खोल सांधा असेल, तर चौरस मीटरला सुमारे 375 ग्रॅम इपॉक्सी ग्राउट लागतं. वाया जाणारं धरून 5 किलोचा पॅक 12 चौ.मी.ला पुरतो. पॅक पूर्णच कालवा. अंदाजाने अर्धा घेतला आणि प्रमाण चुकलं, तर राहिलेलं रेझिन किंवा हार्डनर कधीच घट्ट होत नाही. कालवलेला माल बादलीत राहू देऊ नका. ढिगात उष्णता कोंडते आणि तो हातातच कडक होतो. टाइलवरचा राप लगेच ओल्या स्पंजने पुसायचा, दुसऱ्या दिवशी तो निघत नाही.

चालायला 24 तास पुरतात, गरम पाणी आणि रसायनांसाठी मात्र 7 दिवस थांबावं लागतं. एका सोमवारच्या सुट्टीत हे बसत नाही, तेव्हा भटारखान्याचे भाग पाडून काम करा. भिंत आणि फरशीचा कोपरा इपॉक्सीने भरू नका. तिथे हालचाल होते, लवचीक पॉलियुरेथेन सीलंट लागतं. आणि जिथे रोज उकळतं पाणी ओतलं जातं, तिथे साधं इपॉक्सी उपयोगाचं नाही. ते 50-60 अंशांनाच मऊ पडू लागतं, शिवाय काँक्रीटच्या कित्येक पट प्रसरण पावतं. अशा पट्ट्यात टाइल काढून 9 मि.मी. पॉलियुरेथेन काँक्रीट घालावं.