प्रकल्पवहीच्या आधीचा प्रकल्प

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, की स्टेशनरीच्या दुकानांत रंगीत पुठ्ठे, चकाकी कागद आणि ‘जलचक्र’, ‘सौरमाला’ असे छापील तक्ते पुढच्या फळीवर येतात. ‘प्रकल्प’ म्हटलं की बहुतेक घरांत हेच आठवतं: रविवारी रात्री आईने रंगवलेला ज्वालामुखी आणि सोमवारी जमा होणारी वही. यात आता सेन्सर आणि तयार किट यांची भर पडली आहे. ही वही कुठून आली आणि तिच्यातून काय गळालं, हे पाहायचं तर बरंच मागे जावं लागतं.

शिक्षणात हा शब्द आला वास्तुकलेतून. १६७१ साली पॅरिसला वास्तुकलेची राजेशाही अकादमी निघाली. तिथल्या विद्यार्थ्यांना स्पर्धेसाठी इमारतींचे आराखडे करावे लागत. त्या आराखड्याला ‘प्रोजे’ म्हणत. पुढे १८७९ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला कॅल्विन वुडवर्ड यांनी हस्तकौशल्याची शाळा काढली, तिथे आधी हत्यारं शिकायची आणि शेवटी एक वस्तू स्वतः घडवायची असा क्रम होता. १९०८च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतीशाळेत रुफस स्टिमसन यांनी ‘घरचा प्रकल्प’ ही पद्धत बसवली. मुलाने घरच्याच जमिनीच्या तुकड्यावर पीक घ्यायचं, खर्चाचा हिशोब ठेवायचा आणि शिक्षकाने बांधावर जाऊन तपासायचं. आमच्या मते शालेय प्रकल्पाचा खरा मूळपुरुष हा. १९१८ साली विल्यम किलपॅट्रिक यांच्या ‘द प्रोजेक्ट मेथड’ या निबंधाने कल्पना जगभर नेली खरी, पण पातळही केली. मनापासून, हेतू धरून केलेली कोणतीही कृती प्रकल्पात मोडायला लागली, गोष्ट ऐकणंसुद्धा. सगळंच प्रकल्प ठरलं, की तपासायचं काय आणि कशावरून, हा प्रश्न बाजूला पडतो.

आपल्याकडे याच प्रश्नाला वेगळं उत्तर मिळालं ते वर्ध्यात. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने ‘नई तालीम’चा, म्हणजे हाताच्या उद्योगातून शिक्षण देण्याच्या योजनेचा, आराखडा केला. समितीने सुचवलेल्या साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटं मूलोद्योगाला, म्हणजे सूतकताईसारख्या मुख्य हस्तोद्योगाला, होती. आजच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिलं म्हणजे त्या मागणीचा आकार कळतो.

पण तासांपेक्षा मोलाचा होता ‘समवाय’, म्हणजे उद्योगातूनच बाकीचे विषय काढणं. सुताचंच उदाहरण घ्या. इंग्रजी पद्धतीने सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तितका. २० नंबरचं सूत असेल तर एका पौंडात १६,८०० यार्ड. मुलाने काढलेलं सूत मोजायचं, तोलायचं आणि नंबर काढायचा: इथे गुणाकार, भागाकार, सरासरी सगळं आलं. सूत मधूनच जाड-बारीक झालं, तर सरासरी नंबर बरोबर येऊनही ते मागावर तुटतं. म्हणजे सरासरी कुठे फसवते हेही मुलाच्या बोटांना कळलं. तकली, म्हणजे सूत काढायची हातातली चाती, हे त्या काळचं तंत्रज्ञानच होतं, आणि चूक कुठे झाली ते तीच दाखवत होती.

हा प्रयोग का मावळला याची कारणं अनेक. मुलांच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा ताणलेली होती, शिक्षकांना स्वतःला उद्योग येत नव्हता, आणि पालकांना मुलाच्या हातात तकली नव्हे तर कारकुनी हवी होती. १९६४ ते ६६च्या कोठारी आयोगाने तोच धागा ‘कार्यानुभव’ या नावाने पुन्हा उचलला. महाराष्ट्रात शिकलेल्यांना पुढचं सांगायला नको: आठवड्याचा एखादा तास, कागदी फुलं, खडू, मेणबत्त्या.

कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक. त्यांनी स्थापलेल्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळला विज्ञान आश्रम उभा राहिला. तो उभारणारे डॉ. श्रीनाथ कलबाग अन्नतंत्रज्ञानातले संशोधक; हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून ते दुष्काळी पाबळला येऊन राहिले. त्यांचा हिशोब साधा होता. गाव हीच प्रयोगशाळा, आणि गावाला लागणारी सेवा हाच प्रकल्प. त्यातून ‘इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी’, सगळ्यांच्या तोंडी आयबीटी, हा आठवी ते दहावीचा अभ्यासक्रम तयार झाला. आठवड्यातला एक पूर्ण दिवस, चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. शिकवायला गावातलेच कारागीर. वेल्डिंग शिकताना शाळेचा मोडका बाक दुरुस्त होतो, फेरोसिमेंट (तारेच्या जाळीवर सिमेंटचा थर) शिकताना कुणाची तरी पाण्याची टाकी होते. काम बाहेरच्या माणसासाठी असलं की गुण देणारा शिक्षक एकटा राहत नाही. टाकी गळली तर मालक दारात येतो. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने इथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर वस्तू घडवायची कार्यशाळा आली, एमआयटीच्या आवाराबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक.

संगणकाची वाट वेगळी. १९६७ मध्ये सीमोर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा केली. त्यात पडद्यावरच्या कासवाला हुकूम द्यायचे. त्रिकोण काढायला मूल हमखास लिहितं: तीन वेळा ५० पावलं पुढे, ६० अंश उजवीकडे. त्रिकोणाचे कोन ६० अंशांचे, हे पाठ असतं ना! पण पडद्यावर उमटतो उघडा राहिलेला अर्धा षटकोन. कारण कासव आतला कोन वळत नाही, बाहेरचा वळतं, आणि तो १२० अंशांचा. मूल उठून स्वतः तो त्रिकोण चालून पाहतं तेव्हा गाठ सुटते. भारतात मात्र १९८४ साली ‘क्लास’ या संगणक-साक्षरतेच्या योजनेतून बीबीसी मायक्रो संगणक शाळांत आले आणि बघता बघता ‘संगणकाचे भाग लिहा’ असा एक लेखी विषय होऊन बसले. पुढे २००५ मध्ये इटलीत सेन्सर जोडता येणारा आर्दुइनो हा छोटा बोर्ड, २००७ मध्ये ठोकळे जोडून प्रोग्राम करायची स्क्रॅच ही भाषा, २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि २०१६ मध्ये ब्रिटनच्या शाळांत मायक्रोबिट हा बोर्ड आला. सुटे भाग स्वस्त झाले. त्याच २०१६ साली नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे शाळांतल्या जोडाजोडीच्या प्रयोगशाळा, सुरू झाल्या. शाळेमागे २० लाख रुपयांपर्यंत अनुदान, त्यातले १० लाख उभारणीला.

आणि वही? ती याच दरम्यान पक्की झाली. २०१०च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकता-शिकता होणाऱ्या तपासणीच्या, आठ साधनांत प्रकल्पही बसला. हेतू चांगला होता. पण साठ मुलांच्या वर्गात साठ कामं होताना बघणं एका शिक्षकाला शक्य नाही. जे जमा करता येतं त्याला गुण मिळतात, म्हणून वही. टिंकरिंग लॅबमध्येही तेच घडू शकतं: कचरापेटीसमोर हात नेला की झाकण उघडतं, प्रदर्शनात टाळ्या पडतात, आणि सेन्सरने नेमकं किती अंतर मोजलं हे कुणी विचारत नाही.

या इतिहासाच्या उजेडात एक प्रकल्प मांडून पाहू. शाळेच्या परसबागेला पाणी केव्हा द्यायचं? मातीचा ओलावा सेन्सरने मोजायचा आणि तो कमी झाला की पंप आपोआप सुरू करायचा. चौघांचा गट, आठवड्याला एक जोडतास, दहा आठवडे. पहिले दोन आठवडे सेन्सर कपाटात. मुळांच्या खोलीवरची १०० ग्रॅम ओली माती ताटात पातळ पसरून उन्हात वाळवायची. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की थांबायचं. ८२ ग्रॅम उरली तर पाणी १८ ग्रॅम, म्हणजे कोरड्या मातीच्या २२ टक्के. उन्हात थोडा ओलावा राहतोच, तो राहतो हेही वहीत लिहायचं. मग वेगवेगळ्या ओलाव्याच्या पाच नमुन्यांत सेन्सर खोचून, आर्दुइनोवर ० ते १०२३ मध्ये येणारा आकडा आणि मोजलेले टक्के यांचा आलेख काढायचा. हा आलेख प्रत्येक सेन्सरचा, प्रत्येक मातीचा वेगळा. काळ्या मातीचा मुरमाला चालत नाही.

बिघाड ठरलेले असतात. दोन उघड्या पट्ट्यांचा स्वस्त सेन्सर सतत चालू ठेवला, तर विद्युत अपघटनाने काही आठवड्यांत पट्टी खाल्ली जाते. म्हणून वीज फक्त वाचनाच्या क्षणी द्यायची किंवा उघडी पट्टी नसलेला कपॅसिटिव्ह सेन्सर घ्यायचा, ज्याचा आकडा ओलावा वाढला की उतरतो. खत घातल्यावर पट्ट्यांच्या सेन्सरला माती एकदम ओली वाटते, कारण क्षारांनी विद्युतवाहकता वाढते. पंप थेट बोर्डाच्या ५ व्होल्टवर जोडला, तर सुरू होताना तो इतका प्रवाह ओढतो की बोर्ड रीसेट होतो. पंपाला वेगळा वीजपुरवठा हवा. पंप चालू आणि बंद करायची मर्यादा एकच ठेवली तर रिले, म्हणजे पंपाचं विजेवर चालणारं बटण, टकटकत राहतो. १५ टक्क्यांखाली चालू, २५ वर बंद, अशा दोन हव्यात. आणि सेन्सर ठिबकच्या ड्रिपरला चिकटून लावला तर चार थेंबांतच पंप थांबतो, रोपं सुकतात.

प्रोग्राम आता एआयकडून दोन मिनिटांत मिळतो. त्यामुळे गुण द्यायचे ते आलेखाला आणि तोंडी परीक्षेला: गटाच्या हातात दुसराच सेन्सर द्यायचा आणि १५ टक्क्यांसाठी नवा आकडा किती, ते काढून दाखवायला सांगायचं. ज्याने माती तोलली आहे तो पुन्हा तोलायला जातो, ज्याने फक्त प्रोग्राम उतरवला तो स्क्रीनकडे बघत बसतो.

२०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने सहावी ते आठवीला दरवर्षी तीन प्रकल्प सांगितले आहेत: सजीवांसोबतचं काम, यंत्र-साहित्याचं काम आणि मानवी सेवा. पाबळच्या चार विभागांशी हे ओळखीचं वाटतं. फरक वेळापत्रकात आहे. जिथे ३५ मिनिटांचा सुटा तास मिळतो, तिथे सामान मांडण्यात दहा मिनिटं जातात आणि आवरण्यात दहा. माती वाळायला तर दोन-तीन दिवस लागतात; तेवढे दिवस ताट उन्हात कुठे ठेवायचं आणि झाडलोटीत ते कुणी उपडं करणार नाही हे कुणी बघायचं, इथपासून नियोजन करावं लागतं.