फोर-स्ट्रोक मॉडेल विमान इंजिन : देखभाल

रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानांत वापरल्या जाणाऱ्या, ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) व मिथेनॉलवर चालणाऱ्या छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनांची निगा. टू-स्ट्रोक इंजिनाच्या मानाने येथे दोन कामे वाढतात : टॅपेट जुळवणे (म्हणजे व्हॉल्व्ह व तो दाबणारा रॉकर यांमधील फट नेमकी ठेवणे) आणि क्रँककेस (क्रँकशाफ्ट व त्याची बेअरिंगे ज्यात बसतात तो इंजिनाचा भाग) गंजापासून वाचवणे. बिघाडांची मुळे बहुधा या दोहोंतच सापडतात.

मॉडेल विमानासाठीचे पहिले फोर-स्ट्रोक इंजिन कोणते, याचे उत्तर ‘पहिले’ या शब्दाच्या अर्थावर ठरते. इंग्लंडमधील डेव्हिड स्टँगर यांनी १९१४ मध्ये स्वतः घडवलेल्या द्विसिलिंडर पेट्रोल इंजिनावर मॉडेल उडवले होते. अमेरिकेत सु. १९४० च्या सुमारास फीनी या नावाची ठिणगी-प्रज्वलनाची फोर-स्ट्रोक इंजिने विक्रीस आली. त्यांचा प्रसार मर्यादित राहिला. ग्लो प्लगवर चालणारे व कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होणारे इंजिन हा निकष लावला, तर जपानच्या ओएस कंपनीच्या एफएस-६० (१९७६, सु. १० घ. सेंमी.) या इंजिनाकडे पहिलेपणाचा मान जातो आणि देखभालीच्या दृष्टीने हाच निकष उपयुक्त वाटतो, आजच्या बहुतेक इंजिनांची मांडणी त्याच वळणाची आहे. साइटो कंपनीने सिलिंडर व हेड एकाच तुकड्यात घडवून हेड गॅस्केटचा प्रश्नच मिटवला, पण त्यामुळे व्हॉल्व्ह काढायचे तर सिलिंडरच्या आतून काढावे लागतात.

क्रँककेसमधील गंज : टू-स्ट्रोकमध्ये तेलमिश्रित ताजे इंधन क्रँककेसमधूनच वर जाते, त्यामुळे बेअरिंगे सतत धुतली जातात. फोर-स्ट्रोकमध्ये इंधन कार्ब्युरेटरमधून थेट व्हॉल्व्हकडे जाते. क्रँककेस ही जणू बंद गल्ली. पिस्टनच्या रिंगच्या फटीतून खाली झिरपेल तेवढेच तेल तिथे पोचते आणि त्याच्याबरोबर ज्वलनातले पाणी व आम्लेही पोचतात. (वायएस कंपनीची क्रँककेसमधून दाब देणारी इंजिने या बाबतीत वेगळी आहेत.) पुढचे बेअरिंग बहुधा झाकलेले असते, उघडे मागचे बेअरिंग आधी गंजते.

नेमके कोणते आम्ल दोषी, यावर एकमत नाही. एक मत नायट्रोमिथेनच्या (शक्ती वाढवण्यासाठी इंधनात मिसळतात ते) ज्वलनातून होणाऱ्या नायट्रिक आम्लाकडे बोट दाखवते, दुसरे मिथेनॉलच्या अपुऱ्या ज्वलनातून होणाऱ्या फॉर्मिक आम्लाकडे. नायट्रोरहित इंधनावर चाललेल्या इंजिनांची बेअरिंगेही गंजलेली आढळतात, तेव्हा सगळा दोष नायट्रोवर ढकलणे कठीण आहे. शिवाय मिथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. कोकणच्या पावसाळी हवेत डब्याचे झाकण सैल राहिले तरी इंधन बिघडते.

उपाय मात्र दोन्ही मतांचा एकच. दिवसाचे शेवटचे उड्डाण झाल्यावर इंजिन चालू असतानाच इंधननळी चिमटून ते बंद पाडावे, म्हणजे आतले इंधन जळून जाते. प्लगला पुन्हा बॅटरी जोडून उरलेसुरले जाळून घ्यावे. इंजिन कोमट असतानाच क्रँककेसच्या ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून सिरिंजने, १० घ. सेंमी. इंजिनात सुमारे १ मिलि., हवेच्या अवजारांसाठीचे किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल सोडावे. विमान पुढे-मागे कलते करत पंखा दहा-पंधरा फेरे फिरवावा. प्लगच्या भोकातून चार-पाच थेंब पुरेत. तिथे जास्त ओतल्यास पिस्टनवर तेल अडते आणि स्टार्टर लावताच कनेक्टिंग रॉड वाकतो. फक्त कार्ब्युरेटरमध्ये तेल सोडले तर ते मागच्या बेअरिंगपर्यंत जाणारच नाही. ही चूक टू-स्ट्रोकच्या सवयीतून होते. ठेवताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणावा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहून दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही.

टॅपेट : ओएसच्या पुस्तिकांत रॉकर व व्हॉल्व्ह-दांडी यांमधील अंतर ०.०४ ते ०.१० मिमी. दिलेले असते. हे माप इंजिन थंड असतानाच घ्यावे. ॲल्युमिनियमचा सिलिंडर तापल्यावर पोलादी पुशरॉडपेक्षा (कॅमची हालचाल रॉकरपर्यंत नेणारी दांडी) जास्त वाढतो, त्यामुळे चालताना अंतर वाढते. गरम इंजिनावर ०.०४ जुळवले, तर थंड झाल्यावर व्हॉल्व्ह बसतच नाही आणि दाब धरत नाही. पंखा हाताने फिरवून कॉम्प्रेशनचे वरचे टोक गाठावे. दोन्ही रॉकर किंचित हलले तर जागा बरोबर. ०.०४ चे फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सहज जावे, ०.१० चे जाऊ नये. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा मोजणे आवश्यक. नव्या इंजिनात पहिली तपासणी सुमारे तासभर चालवल्यावर, पुढे काही तासांनी. अंतर जास्त असले की टॅपेट वाजतात व व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही.

दाब कमी वाटल्यास पंखा सावकाश फिरवून कान द्यावा. फुसफुस कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ब्रीदरमधून आली तर रिंग. इंधनात वंगण म्हणून असलेल्या एरंडेलाचा जळून लाखेसारखा थर बसून व्हॉल्व्ह अडकणे नेहमीचे. अडकलेल्या व्हॉल्व्हवर स्टार्टर दामटला तर पुशरॉड वाकतो.

बेअरिंग बदलणे : शाफ्ट हाताने फिरवताना खरखर जाणवली की बेअरिंग बदलावे. कॅमशाफ्ट आधी काढावा, कारण त्याचे दाते क्रँकशाफ्टमध्ये अडकलेले असतात. मग सिलिंडर, पिस्टन आणि शेवटी शाफ्ट. रिकामी क्रँककेस सु. १५०° से. पर्यंत तापवून तोंड खाली करून लाकडावर आपटली की मागचे बेअरिंग सुटते. नवे बेअरिंग फ्रीजरमध्ये थंड करून तापलेल्या केसमध्ये सोडावे. आतल्या कड्यावर ठोकून बसवल्यास गोळ्यांचे वण रुळावर उमटतात व नवे बेअरिंगही खरखरू लागते. जोडताना कॅम गिअरवरची खूण पुस्तिकेप्रमाणे जुळवावी. एक दाता चुकला तरी इंजिन उलटा झटका देते किंवा शक्ती देत नाही.

इतर : येथे ज्वलन दर दोन फेऱ्यांतून एकदाच होते, त्यामुळे उष्णता धरणारा फोर-स्ट्रोकचा प्लग (ओएसचा एफ) वापरतात. मुख्य सुई सर्वोच्च फेऱ्यांपेक्षा २००–३०० फेरे खाली, इंधन किंचित जास्त ठेवून जुळवतात. इंधन कमी पडले की अकाली स्फोट होऊन पंखा उलटा झटका खातो आणि नट सुटतो. म्हणून दुहेरी नट असतो आणि दर उड्डाणापूर्वी तो तपासतात. एक्झॉस्ट पाइपचा नटही कंपनांनी सैल होतो.